एका नावाचे तिघे

बादली भरत आली की आमच्या भाऊजींना न बघता कळायचं. मी नळाखाली बादली लावून दुसऱ्या कामाला लागले, की खिडकीजवळच्या खुर्चीतून ते ओरडायचे, "वहिनी, गळ्याशी आलं!" मी जाऊन बघावं तर पाणी काठाच्या दोन बोटं खाली. रिकाम्या बादलीचा आवाज जाडा असतो, भरत जाते तसा तो बारीक होत जातो, असं त्यांनीच मला दाखवलं होतं. लोक म्हणत, डोळे गेले म्हणून कान तिखट झाले. तसं नव्हतं. त्यांचा कान आधीपासूनच तसा. सगळी नोकरी पाण्याच्या खात्यात गेलेली.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही त्यांनी. कुणी विचारलं तर म्हणत, "मला सांभाळायला दादा-वहिनी आहेत, आणखी एका माणसाला कशाला त्रास?" ऑफिसात पहिल्यांदा संगणक आला तेव्हा त्यावर धूळ बसायला लागली, कारण हात लावायला सगळे घाबरत. हे बसले. पुस्तक आणून संगणकाची एक भाषा शिकले आणि एक प्रोग्राम लिहिला. पहाटे सगळ्या टाक्यांची पातळी त्यात येई आणि कुठल्या भागाला कधी पाणी सोडायचं ते तो ठरवी. मग चावीवाल्यांच्या फोनवर निरोप जाई. चावीवाले म्हणजे रस्त्याखालच्या व्हॉल्व्हला लांब लोखंडी चावी लावून एकेका भागाचं पाणी सोडणारी माणसं. ते सगळे भाऊजींना 'टाकीबुवा' म्हणत. "टाकीबुवांचा निरोप आल्याशिवाय आपण चावीला हात लावत नाही," असं एकदा एक चावीवाला आमच्या दारात चहा पिताना सांगत होता.

मग डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. कडेकडून अंधार येत गेला. मधे एक भोक राहिलं होतं, त्यातून काही वर्षं बघितलं. पुढे तेही बुजलं. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. मी देवाजवळ पुष्कळ मागितलं. काय झालं ते समोर आहे.

ऑफिसने काढलं नाही, कारण प्रोग्राम त्यांच्याशिवाय कुणाला कळत नव्हता. साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं, "हा चालतोय तोवर तुम्ही आहात." भाऊजींना ते लागलं नाही. मला म्हणाले, "वहिनी, घरातून निघून तिथे पोचेपर्यंत मी आंधळा असतो. खुर्चीत बसलो की नसतो." तेवढं एकच त्यांचं उरलं होतं, आणि घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

संगणक त्यांना वाचून दाखवी. हेडफोन लावला की आत एक बाई इंग्रजीतून बोलायची, ती इतक्या घाईत की पाठीमागे कुणी लागलंय असं वाटावं. भाऊजी तिला 'घाईबाई' म्हणत. ऑफिसात तिच्यावर भागवत, पण नवीन काही लिहायचं असलं की घरी आणत आणि दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलाशी माझ्याकडून वाचून घेत.

"अहो, मी मराठी शाळेतली. मला यातलं काय कळणार?"

"कळायचं नाहीच आहे. दिसतं तसं वाचा. घाईबाईला तरी कुठे कळतं?"

वाचायला लागले तर शब्द मराठीच निघाले, फक्त अक्षरं इंग्रजी. पातळी, पंप, वेळ, भाग. अडचण खुणांची होती. प्रत्येक नावाच्या आधी एक खूण चिकटलेली. एक डॉलरची, वळवळत्या नागाच्या अंगात काठी खुपसल्यासारखी. एक गोगलगाईसारखी, ए अक्षराभोवती वेटोळं. आणि एक टक्क्याची, ती तेवढी शाळेत बघितलेली.

"ही गोगलगाय काय म्हणते?" मी विचारलं.

त्यांना हसू आलं. मग टेबलावर हात फिरवून त्यांनी मिठाचा डबा ओढला. आमच्या डब्यांना मी त्यांच्यासाठी रबरं लावून ठेवली होती. मिठाला एक, साखरेला दोन, चहाला दोरा. रबर चाचपून ते म्हणाले, "हा डबा म्हणजे डॉलर. यात एका वेळी एकच गोष्ट राहते. एखादा आकडा, नाहीतर एखादा शब्द. मीठ काढून साखर घातलीत तर मीठ गेलं. डबा काही आठवण ठेवत नाही."

"आणि गोगलगाय?"

"ती रांग. नळावर भांडी लावतात ना ओळीने, तशी. कितवं भांडं ते सांगायचं, ते मिळतं. फक्त पहिल्या भांड्याला शून्य म्हणायचं."

"शून्य? म्हणजे सगळ्यात आधी येऊन उभी राहिलेली बाई शून्य? नळावर असं म्हणून बघा, झिंज्या उपटतील."

"म्हणून तर संगणकात बायका नाहीत," ते म्हणाले. "आणि टक्का म्हणजे कपाट. प्रत्येक खणाला चिठ्ठी. टेकडीवरचा भाग म्हटलं की टेकडीचा खण उघडतो, त्यात टेकडीची पाण्याची वेळ. कितवा खण ते विचारायचं नाही, चिठ्ठीवरचं नाव विचारायचं."

त्यानंतर आम्ही खुणांना आमची नावं पाडली. एकटा, रांग, कपाट. मी वाचायची, "एकटा पातळी. रांग पातळी. कपाट पातळी." एकदा मी थांबले. म्हटलं, "भाऊजी, तुम्ही सगळ्यांना पातळीच म्हणता. गोंधळ नाही होत?"

"आपलं तिघांचं आडनाव एक नाही का? म्हणून दादाच्या ताटातलं मला मिळतं का? या भाषेत खूण वेगळी की माणूस वेगळं. एकटा पातळी म्हणजे मोठ्या टाकीत आत्ता किती पाणी आहे ते. रांग पातळी म्हणजे दिवसभर ते कसं चढलं-उतरलं ते. कपाट पातळी म्हणजे प्रत्येक भागाच्या टाकीचं. तिघं एका घरात राहतात, कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. आणि मला नावं कमी पाठ करावी लागतात. डोळे असते तर वर जाऊन बघता आलं असतं कोण कोण आहे. आता सगळं इथे ठेवावं लागतं." त्यांनी कपाळाला बोट लावलं.

नाव ऐकायच्या आधी खूण ऐकू यायची. पुढे एक आहे, का अनेक, का चिठ्ठ्यांचं कपाट, हे त्यांना आधीच कळायचं. माणूस दारात उभं राहायच्या आधी त्याच्या चपलांवरून कोण ते ओळखावं, तसं. मी वाचत असताना ते मान थोडी तिरकी करून बसत. त्या दुपारी चांगल्या होत्या. त्या चांगल्या आहेत हे तेव्हा कळलं नाही, एवढंच.

मग ऑफिसात नवी भाषा आली. सगळ्या खात्यांत एकच भाषा ठेवायची, जुनी बंद, असं वरून ठरलं. शिकवायला एक तरुण इंजिनीयर मुलगी आली. गुणी होती. तिच्याविरुद्ध माझ्याजवळ बोलायला काही नाही. ती भाऊजींना काका म्हणायची, त्यांच्यासाठी थांबून पुन्हा पुन्हा सांगायची. साहेबांनी ठरवलं की जुना प्रोग्राम नव्या भाषेत भाऊजींनीच लिहायचा. जमलं तर खुर्ची त्यांची. नाही जमलं तर "तुमच्यासाठी काहीतरी बघू."

"काहीतरी बघू म्हणजे?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"दादा, सरकारी मराठीत त्याला नाही म्हणतात," भाऊजी म्हणाले.

पहिल्या दुपारी मी नवीन भाषेतलं वाचायला घेतलं. "पातळी," मी वाचलं.

"त्याच्या आधी?"

"काही नाही."

"नीट बघा."

"नीटच बघतेय भाऊजी. नुसतं नाव आहे."

त्यांनी हात पुढे केला, जणू पडद्यावर चाचपून सापडेल. मग मागे घेतला. नव्या भाषेत खुणाच नव्हत्या. डबा असो, रांग असो, कपाट असो, नाव उघडंबोडकं उभं. आत काय आहे ते कळायला जिथे भरलं होतं तिथवर मागे जाऊन बघायचं. डोळस माणसाला ते सोपं. वर नजर टाकली की झालं. भाऊजींना मागे जायचं म्हणजे घाईबाईला सगळं पुन्हा बोलायला लावायचं, किंवा मला.

ते शिकले. नाही असं नाही. सगळी भाषा त्यांनी महिन्याच्या आतबाहेर तोंडपाठ केली. आकडा आणि शब्द यांतला फरक, शब्दाला अवतरण चिन्हं हवीत, रांगेला चौकोनी कंस, कपाटाला महिरपी, सगळं विचारलं की धडाधड सांगत. इंजिनीयर मुलीने एक गोष्ट बजावून सांगितली होती. मी त्या दिवशी त्यांना आणायला गेले होते, माझ्यासमोरच म्हणाली, "काका, इथे एका नावाखाली एकच गोष्ट राहते. तुमच्या जुन्या भाषेसारखं तिघांना एक नाव चालणार नाही. दुसरा आला की पहिला पुसला जातो. काकू, तुम्हीही लक्षात ठेवा."

"ठेवतो गं," भाऊजी म्हणाले. "म्हणजे या घरात आता जागा एकालाच."

सगळा प्रोग्राम एका दमात ऐकणं त्यांना झेपत नव्हतं. ऐकत शेवटाला जाईपर्यंत सुरुवात निसटायची. म्हणून त्यांनी त्याचे तीन तुकडे केले. एकात मोठ्या टाकीचं, एकात दिवसभराच्या चढउताराचं, एकात भागाभागाचं. एकेक तुकडा वेगळा लिहिला, वेगळा चालवला. प्रत्येक तुकडा बरोबर चालला. मी तिन्ही वाचून दाखवले. तिन्ही ठिकाणी 'पातळी' आलं, आणि ऐकणाऱ्यालाही खटकलं नाही, वाचणारीलाही नाही. इतकी वर्षं ज्याला पातळी म्हटलं त्याला पातळीच म्हटलं. घरातल्या माणसाला काय आपण मुद्दाम नवीन नावाने हाक मारतो?

ठरल्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर गेले. पाणी पहाटे सुटतं, म्हणून सगळं पहाटेच. आमचे हे म्हणाले, "मी येऊ?" भाऊजी म्हणाले, "नको, वहिनी असू देत. तू घाबरलास की घसा खाकरतोस, मला ऐकू येतं." त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसमध्ये त्यांची बोटं गुडघ्यावर टाइप केल्यासारखी हलत होती. मी मनातल्या मनात नामस्मरण करत होते.

ऑफिसात एका लांब खोलीत भिंतीला पडदे, त्यावर टाक्यांची चित्रं, निळा रंग खालीवर होणारा. साहेब आले. इंजिनीयर मुलीने तिन्ही तुकडे एकात जोडले. तेच तिचं काम होतं. तिने विचारलं, "काका, जोडू ना? तिन्ही नीट चाललेत?"

"तिन्ही चालले. जोड," भाऊजी म्हणाले.

जुना प्रोग्राम थांबवला. नवा सुरू केला. पडद्यावर काही ओळी पळाल्या, मग एक लाल ओळ आली आणि सगळं जागच्या जागी थांबलं. मला वाटलं अजून काही व्हायचं असेल. संगणक कुठे लगेच बोलतो, असं मी स्वतःशी म्हटलं.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं. मग पुन्हा विचारलं, "वहिनी, काय दिसतंय?"

"एक लाल ओळ आहे."

त्यांचा चेहरा माझ्याकडे वळला होता. मला ती ओळ वाचता येत होती, अक्षरं तरी. पण वाचवेना.

तेवढ्यात फोन वाजायला लागले. चावीवाले रस्त्यावर चाव्या घेऊन उभे, निरोप कुणालाच नाही. टेबलावरच्या फोनमधून एकाचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला. "काय टाकीबुवा, आज पाण्याचा उपास आहे का? इथे बायका बादल्या घेऊन उभ्यात, माझ्याकडे अशा बघतायत की चावी त्यांच्या हातात द्यावी आणि पळावं!" त्याने गंमत केली होती. रोजचीच.

मुलीने खाली वाकून वाचलं. तिला फार वेळ लागला नाही. हळू आवाजात, इतर कुणाला ऐकू जाऊ नये अशी, ती म्हणाली, "काका, तिन्हींत एकच नाव आहे. पातळी. रांगेने एकट्याला पुसलं, मग कपाटाने रांगेला पुसलं. शेवटी प्रोग्राम मोठ्या टाकीचा आकडा मागायला आला तर तिथे आकडाच नाही."

त्या गडबडीतही माझ्या लक्षात आलं की ती आमचे शब्द वापरत होती. एकटा, रांग, कपाट. त्यांनी तिला सांगितले असणार.

भाऊजी म्हणाले, "तू सांगितलं होतंस."

"हो काका."

"मला माहीत होतं. मला अगदी माहीत होतं गं. हातांना माहीत नव्हतं."

साहेबांनी जुना प्रोग्राम पुन्हा सुरू करायला लावला. निरोप गेले, पाणी सुटलं. उशिरा, पण सुटलं. टेकडीवरच्या भागात त्या दिवशी पोचलंच नाही, कारण पाणी चढायला जो वेळ लागतो तो निघून गेला होता. कुणी ओरडलं नाही. कुणीतरी ओरडायला हवं होतं असं मला वाटतं. मुलीने तिथल्या तिथे दोन नावं बदलली आणि नवा प्रोग्राम कोपऱ्यातल्या दुसऱ्या संगणकावर चालवून बघितला. सुरळीत चालला. सगळं काम भाऊजींचं, दोन नावं तिची. पण साहेबांचं म्हणणंही खोटं नव्हतं. ते म्हणाले, "आज दोन नावांवर भागलं. उद्या काय असेल, आणि ते तुम्हाला दिसणार आहे का?"



भाऊजींना तक्रारींच्या फोनवर बसवलं. "पाणी का आलं नाही?" "आमच्या गल्लीत कधी येणार?" हे लोक विचारणार आणि उत्तर समोरच्या पडद्यावर असणार. तिथे तर घाईबाईही नव्हती, त्या यंत्रावर तिला बसवता येत नव्हतं म्हणे. मग शेजारच्या टेबलावरच्या बाईंना विचारायचं, त्यांनी आपला फोन बाजूला ठेवून सांगायचं. त्या बाई वाईट नव्हत्या, पण दिवसभर कोण सांगत बसेल? पूर्वी कुठल्या भागाला कधी पाणी ते झोपेत विचारलं तरी त्यांनी सांगितलं असतं. आता नवा प्रोग्राम लागला तशा वरून वेळाही बदलून आल्या होत्या. त्यांच्या डोक्यातल्या सगळ्या जुन्या. एकदा त्यांनी न विचारता, सवयीने, एका बाईला वेळ सांगून टाकली. ती चुकीची निघाली. ती बाई पुन्हा फोन करून जे बोलायचं ते बोलली.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, "दादा, उद्यापासून जात नाही."

ह्यांनी घसा खाकरला. म्हणाले, "अरे, थोडे दिवस काढ. सवय होईल."

"दादा, रांगेतलं एक भांडं उचललं की त्याची खूण बदलायची. एकट्याची खूण लावायची. जुन्या भाषेत तसं होतं."

"म्हणजे?"

"काही नाही. जात नाही, एवढंच."

ह्यांना कळलं नाही. मी तेव्हा भांडी घासत होते, मी हात थांबवला नाही.

इंजिनीयर मुलीने दोनतीनदा फोन केला. मी म्हणायची, "भाऊजी, ती आहे, बोला ना." ते म्हणायचे, "झोपलोय म्हणून सांगा." समोर बसून. ती काय समजायची ते समजायची. "काकूंना नमस्कार सांगा" म्हणायची, मी म्हणायची "मीच बोलतेय," आणि आम्ही दोघी जराशा हसायचो. पुढे तिचा फोन येईनासा झाला. तिचंही बरोबर आहे.

डब्यांची रबरं मी काढलेली नाहीत. पण ते टेबलाशी येत नाहीत. चहा द्यावा तर पितात, नाही दिला तर मागत नाहीत. एकदा मी मुद्दाम म्हटलं, "भाऊजी, ती गोगलगाय काय होती हो? विसरले बघा." मला वाटलं हसतील. म्हणाले, "विसरलात ते बरं केलंत."

मी रोज देवाला हात जोडते. पूर्वी त्यांचे डोळे मागायची, मग खुर्ची मागितली. आता काय मागायचं ते सुचत नाही, म्हणून नुसतेच जोडते.

परवा नळाला पाणी आलं. आता ते पूर्वीच्या वेळेला येत नाही. मी बादली लावली आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंना निरोप द्यायला गेले, बोलत उभी राहिले. भाऊजी खिडकीशी होतेच. म्हणजे काळजी नाही, असं अजूनही मनात कुठेतरी असतं. परत आले तेव्हा मोरीतून पाणी उंबऱ्याशी आलं होतं, तिथून फरशीवर पसरत त्यांच्या खुर्चीखाली. त्यांचे पाय पाण्यात होते. बादली कधीची भरून वाहत होती, आणि तो भरलेल्या बादलीचा आवाज मलासुद्धा दारातूनच ओळखू आला.

"भाऊजी," मी म्हटलं, "हाक नाही मारलीत?"

मी नळ बंद केला, फडकं आणलं आणि फरशी पुसायला बसले. खुर्चीपर्यंत आले तेव्हा त्यांनी पाय वर उचलून धरले, मला पुसता यावं म्हणून.